डिप्लोमाचा हिशेब, मेसच्या वहीतून

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दहावीचा निकाल लागल्यापासून त्रिमूर्ती चौक ते उत्तमनगर एवढ्याशा रस्त्यात मी परवा सात फ्लेक्स मोजले. सातही पॉलिटेक्निकचे नाहीतर इंजिनिअरिंग कॉलेजांचे, आणि त्यातल्या पाचांवर 'शंभर टक्के प्लेसमेंट'. एकावर पिवळं हेल्मेट घातलेली मुलगी हसत उभी आहे. तिच्याकडे बघून माझा मुलगा म्हणाला, "आई, तिनं व्हर्निअर उलटा धरलाय." व्हर्निअर म्हणजे बारीक माप घ्यायचं साधन, मला ते कळलं नसतं. पण शंभर टक्क्यांमागचं गणित मला थोडंफार कळतं, म्हणून हे पत्र.

मी सिडकोत उत्तमनगरला मेस चालवते. २००७ साली सुरू केली तेव्हा दोन वेळचं जेवण महिना नऊशे रुपये होतं, आज बत्तीसशे आहे. पस्तीस-चाळीस पोरं कायम असतात. सटाणा, कळवण, सुरगाणा, नांदगाव, चाळीसगाव, नंदुरबार, असं कुठून कुठून आलेली. सगळी अंबडच्या नाहीतर सातपूरच्या एमआयडीसीत कामाला. आयटीआय झालेला, डिप्लोमा झालेला आणि बी.ई. झालेला एकाच पंगतीला बसतो आणि एकाच वरणाला नावं ठेवतो. माझ्याकडे यंदाची धरून लाल पुठ्ठ्याच्या एकोणीस वह्या आहेत. कोण कधी आला, किती खाडे केले, पैसे कोणत्या तारखेला दिले, सगळं त्यात आहे.

त्यातली तारीख फार बोलकी असते. ज्याचं नाव कंपनीच्या रोलवर, म्हणजे कायम कामगारांच्या यादीत, आहे तो सात तारखेला पैसे आणून देतो, फार तर आठ. ठेकेदाराकडचा पोरगा बारा ते पंधराच्या मध्ये. अ‍ॅप्रेंटिसचं, म्हणजे कारखान्यात शिकाऊ म्हणून घेतलेल्याचं, काही सांगता येत नाही, कधी दहा, कधी वीस. मधल्या काळात 'नीम ट्रेनी' म्हणून पोरं यायची. नीम ही काम करता करता शिकायची सरकारी योजना, २०१३ साली आली आणि पुढे बंद झाली. ती पोरं काम ऑपरेटरचंच करायची, पण पीएफचं नाव नाही. २०१९ साली गाड्यांचा धंदा बसला आणि कंपन्या आठवड्यातले दोन-दोन, तीन-तीन दिवस बंद राहू लागल्या, तेव्हा पेपरात बातमी यायच्या आधी माझ्या वहीत तारखा पुढे सरकायला लागल्या होत्या. यजमान म्हणतात, तू एमआयडीसीची नाडी पोळीच्या लाटण्यानं बघतेस.

म्हणून कोणी विचारलं की अमुक कोर्सला 'स्कोप' आहे का, तर मी एवढंच बघते की तो कोर्स केलेल्या पोराला माझ्या सात तारखेच्या रकान्यात यायला किती महिने लागले. प्लेसमेंटच्या फ्लेक्सवर हे कधीच नसतं. तिथं फोटो असतो, खाली कंपनीचं नाव असतं. पण तो पोरगा त्या कंपनीत वर्षभराचा अ‍ॅप्रेंटिस म्हणून गेला की कायम नोकरीवर, हे कुठं लिहिलेलं असतं? अ‍ॅप्रेंटिसशिपचा कायदा १९६१ चा आहे. तीस किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्याला अडीच ते पंधरा टक्के अ‍ॅप्रेंटिस घ्यावेच लागतात. चांगलीच गोष्ट आहे, त्यातून पोरं शिकतात. पण वर्ष संपल्यावर त्याला ठेवून घ्यायची सक्ती त्या कायद्यात नाही. वर्ष संपतं, पोराला सर्टिफिकेट मिळतं, दुसरा पोरगा येतो. फ्लेक्सवर मात्र दोघंही 'प्लेस' झालेले असतात.

आता माझ्या घरचं सांगते. परक्याच्या पोरांचा हिशेब मांडायचा आणि स्वतःचा झाकून ठेवायचा, हे बरं नाही.

मुलगा २०१९ ला दहावी झाला. गुण बरे होते, पण सरकारी पॉलिटेक्निकला मेकॅनिकल मिळण्याइतके नव्हते. खासगी संस्थेत घातला. नाव लिहीत नाही, भांडण एका संस्थेशी नाही. तीन वर्षांची फी झाली १ लाख ७७ हजार. वह्या, पुस्तकं, मिनी ड्राफ्टर, अ‍ॅप्रन, मॅन्युअल, परीक्षा फी आणि दर सहा महिन्यांनी सबमिशनच्या नावाखाली झेरॉक्सवाल्याला वाहिलेली दक्षिणा मिळून २४ हजार. बस-रिक्षा २२ हजार, तीही मधलं एक वर्ष कॉलेज घरातच भरलं म्हणून. त्या घरातल्या कॉलेजसाठी मोबाइल साडेअकरा हजार. शेवटच्या वर्षी चौघांत मिळून प्रोजेक्ट, त्यातला त्याचा वाटा साडेसहा हजार. प्रोजेक्ट बाहेरून करवून घेतला होता, हे त्यानं मला दोन वर्षांनी सांगितलं. एकूण २ लाख ४१ हजार. यातले ६२ हजार शिष्यवृत्तीतून परत आले, तेही दोन वर्षांनी. तोवर बचत गटाचे चाळीस हजार माझ्या डोक्यावर होते. म्हणजे पदरचे गेले १ लाख ७९ हजार.

त्या पैशांत काय आलं? पहिल्या वर्षी वर्कशॉप झालं, ते खरं. फिटिंगच्या तासाला लोखंडाची पट्टी कानशीनं घासून काटकोन करायचा होता. हाताला फोड घेऊन घरी आला, त्या रात्री त्याला मी घास भरवला. मार्च २०२० ला सगळं बंद झालं. दुसरं वर्ष, म्हणजे जिथं खरं मशीन शिकायचं ते वर्ष, माझ्या स्वयंपाकघरातल्या ओट्यावर गेलं, कारण रेंज तिथंच यायची. मी पोळ्या लाटायची आणि शेजारी मोबाइलच्या पडद्यावर लेथ फिरायचं. परीक्षा पण घरबसल्या, चार पर्यायांतला एक निवडा. गुण उत्तम पडले. तिसऱ्या वर्षी कॉलेज उघडलं, तर लॅबमध्ये तीस पोरांत एक मायक्रोमीटर (जाडी अगदी बारीक मापानं मोजायचं साधन), तोही कपाटात, आणि कपाटाची किल्ली सरांकडे.

२०२२ ला पास झाला. एका मोठ्या कारखान्यात अ‍ॅप्रेंटिस लागला, महिना साडेदहा हजार. डिप्लोमावाल्याला कायद्यानं किमान आठ हजार द्यावे लागत होते, म्हणजे यांनी वर दिले, तक्रार नाही. वर्ष संपलं, सोडलं. मग दोन महिने ठेकेदाराकडं, बारा-बारा तास. मग कोणीतरी सांगितलं म्हणून अंबडलाच एका छोट्या टूलरूममध्ये गेला. पंधरा माणसं, एक व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं कातकामाचं मशीन), दोन जुनी लेथ, एक सरफेस ग्राइंडर. पगार तेरा हजार. मी म्हटलं, डिप्लोमा करून तेरा? तो म्हणाला, "आई, इथं मला मशीनला हात लावू देतात."

पहिल्याच आठवड्यातली गोष्ट त्यानं ताटावर बसून सांगितली, ती मी विसरणार नाही. पंचवीस मिलिमीटर जाडीच्या पिना तपासायला दिल्या होत्या. पंचवीसच्या वर जायचं नाही आणि पंचवीसपासून वीस मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जास्त खाली जायचं नाही, म्हणजे माझ्या समजुतीनं केसापेक्षाही कमी. यानं मायक्रोमीटर लावला आणि मागची नळी बोटांनी घट्ट पिळली, आपण नळाची चावी पिळतो तशी. जास्त दाब पडला, माप कमी दाखवू लागलं. एकेक करत अठरा पिना यानं रिजेक्टच्या ट्रेमध्ये टाकल्या. तिथले फोरमन साठीला आलेले, सातपूरच्या आयटीआयचे जुने टर्नर, म्हणजे लेथवर काम करणारे. त्यांनी एक पीन उचलली, तोच मायक्रोमीटर लावला आणि शेवटचं छोटं टोक दोन बोटांत धरून हलकेच फिरवलं. कट, कट, कट. तीनदा वाजलं की थांबायचं. माप आलं चोवीस पूर्णांक नव्याण्णव. पीन चांगली होती. अठराच्या अठरा चांगल्या होत्या. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "हे रॅचेट कशासाठी दिलंय, साहेब?"

ते 'साहेब' मुलाला फार लागलं. तीन वर्षं आणि १ लाख ७९ हजार, आणि रॅचेट नावाची वस्तू मायक्रोमीटरच्या टोकाला का असते हे त्याला एका आयटीआयवाल्यानं फुकटात शिकवलं. मी कुकरच्या तीन शिट्ट्या मोजणारी बाई, मला ते लगेच पटलं.

आता आमच्या गल्लीतल्याच एका ताईंचा मुलगा घ्या. माझ्या मुलाच्याच वर्गातला, गुण थोडे कमी. तो २०१९ ला सरकारी आयटीआयला टर्नरला गेला. दोन वर्षांत सगळं मिळून पंधरा हजारांच्या आत खर्च. कोरोनानं त्यालाही गाठलं, परीक्षा लांबली, पण २०२१ च्या शेवटाला तो अ‍ॅप्रेंटिस होता, महिना आठ हजार. माझा मुलगा तेव्हा अजून झेरॉक्स काढत होता. आज त्याचा हातात पगार साडेएकवीस हजार, माझ्या मुलाचा चोवीस. फरक अडीच हजारांचा.

मी एका रात्री बसून मांडलं. खर्चातला फरक १ लाख ६४ हजार. त्यानं एक वर्ष आधी कमावलेले ९६ हजार त्यात मिळवले. झाले २ लाख ६० हजार. महिन्याला अडीच हजारानं ते भरून यायला १०४ महिने लागतात, म्हणजे आठ वर्षं आठ महिने. माझ्या मुलाचा डिप्लोमा फिटेल तेव्हा तो तिशी ओलांडून गेलेला असेल. व्याज धरलंच नाही, बचत गटाच्या बायकांनी हसू नये म्हणून.

एवढ्यावर थांबले असते तर आयटीआय स्वस्त, डिप्लोमा महाग, असं लिहून मोकळी झाले असते. पण गेल्या दिवाळीत ताईंचा मुलगा माझ्याकडे आला आणि तोंड पाडून बसला. त्याच्या कंपनीत लाइन इन्स्पेक्टरची जागा निघाली होती. काम त्याला डोळे मिटून येतं. पण नोटीस बोर्डावर लिहिलेलं: किमान डिप्लोमा. ती जागा ज्याला मिळाली त्या पोराला मशीन दाखवायचं काम याच्याकडेच आलं. तो म्हणाला, "काकू, मी त्याला शिकवतोय आणि तोच मी बनवलेल्या जॉबवर सही करणार."

हे मी वहीत पुन्हा पुन्हा पाहिलंय. आयटीआयची पोरं लवकर कमावू लागतात, पहिली चार-पाच वर्षं तीच पुढे असतात. हात चांगला असेल तर सेटर (मशीन जुळवून देणारे) होतात, क्वचित सुपरवायझर. तिथं मात्र एक फळी आडवी येते. रेल्वेत ज्युनिअर इंजिनिअर व्हायचं तर डिप्लोमा लागतो, आयटीआयवाल्यानं टेक्निशियनचा फॉर्म भरायचा. ओझरच्या एचएएलला, म्हणजे विमानांच्या सरकारी कारखान्यात, दोघांनाही अ‍ॅप्रेंटिस घेतात, पण दोघांची रांग वेगळी, स्टायपेंड वेगळा. डिप्लोमाचे पैसे उशिरा सुटतात, पण सुटतात. तेही पोरगा मशीनवर उभा राहिला असेल तरच. माझा मुलगा टूलरूममध्ये दोन वर्षं हात काळे करून आता ड्रॉइंग वाचतो, व्हीएमसीचा प्रोग्रॅम स्वतः लिहितो, ऑफसेट देतो, म्हणजे मापातला फरक मशीनला भरून देतो. पुढच्या वर्षी फोरमन रिटायर होणार आहेत आणि मालकांनी त्याला एकदा बाजूला घेऊन विचारलंय. तेव्हा माझे ते १०४ महिने कदाचित निम्म्यावर येतील. फोरमननी रॅचेट दाखवलं नसतं तर १०४ चे दोनशे झाले असते, हेही खरं.

आणि एक गोष्ट, जी कुठल्या करिअरच्या पानावर येत नाही. लग्नाच्या बायोडेटात 'डिप्लोमा मेकॅनिकल' लिहिलं की मुलीकडचे खुर्ची पुढे सरकवतात आणि 'आयटीआय टर्नर' लिहिलं की शेती किती ते विचारतात. पगाराची स्लिप दोघांची सारखी असली तरी. याचा भाव रुपयांत कसा काढायचा, मला येत नाही. पण पालक खासगी कॉलेजची फी भरतात त्यामागे हेही असतं, आणि ते कोणी कबूल करत नाही. मीही तेव्हा केलं नव्हतं.

बी.ई. झालेल्यांबद्दल दोनच ओळी. माझ्याकडे एक पोरगा आहे, गुणी आहे. चार लाखांचं शैक्षणिक कर्ज, साडेदहा टक्के, सात वर्षं, हप्ता सहा हजार सातशेच्या आसपास. पगार अठरा हजार. मेसचे बत्तीसशे, खोलीचे अडीच हजार गेले की हातात छप्पन्नशे उरतात, त्यात गावी पाठवायचे. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात तो रात्रीचे खाडे लावतो. सांगतो, "मावशी, मित्राकडं जेवलो." मित्र त्याच पंगतीत बसलेला असतो.

यंदा माझी मुलगी दहावी झाली, ८३ टक्के. तिला मशीनचंच शिकायचंय. भावाचं बघून शिकली असेल, नाहीतर हट्ट असेल. घरात एक रंगीत पत्रक घेऊन आली, कुठल्याशा संस्थेचं, 'मॅन्युफॅक्चरिंगमध्ये बी.व्होक.', म्हणजे कामधंद्याची पदवी. वाचून काढलं. अमेरिकेत कम्युनिटी कॉलेज म्हणून असतात, तिथं दोन वर्षांत कारखान्याच्या कामाची छोटी पदवी मिळते, फी मोठ्या विद्यापीठापेक्षा पुष्कळ कमी. माझ्या एका जुन्या मेंबरचा चुलतभाऊ तिकडं तसा शिकलाय, म्हणून ऐकून माहीत. आपल्याकडे विद्यापीठांवर देखरेख ठेवणाऱ्या यूजीसीनं २०१३-१४ च्या सुमारास तशीच कम्युनिटी कॉलेजं काढायला सुरुवात केली आणि पाठोपाठ बी.व्होक. आणलं. बारावीनंतर एक वर्ष केलं तर डिप्लोमा, दोन केली तर अ‍ॅडव्हान्स्ड डिप्लोमा, तीन केली तर पदवी. मधे सोडावं लागलं तरी हाती कागद राहतो. कल्पना मला मनापासून आवडली. गरिबाच्या पोराला मधे सोडावं लागतंच.

पण माझ्या मेसमध्ये तसा कोर्स केलेला एक पोरगा होऊन गेलाय. कारखान्याच्या गेटवर जो फॉर्म भरायला दिला त्यात तीनच रकाने होते, आयटीआय, डिप्लोमा, डिग्री. त्यानं डिग्रीत खूण केली तर म्हणाले, तू बी.ई. कुठंय. डिप्लोमात केली तर म्हणाले, सर्टिफिकेट एमएसबीटीईचं, म्हणजे राज्याच्या तंत्रशिक्षण मंडळाचं, नाही. शेवटी 'इतर' असं हातानं लिहून तो हेल्परच्या दरावर लागला. त्या पोराच्या हाताला काही खोट नव्हती. फॉर्म छापणाऱ्यानं नवा कोर्स वाचला नव्हता, एवढंच. सरकारनं कोर्स काढायचा आणि गेटवरच्या माणसाला सांगायचंच राहून गेलं, असं झालं. मुलीला मी ते पत्रक परत नेऊन दे म्हटलं. गेटवरचा फॉर्म बदलला की मग बघू.

तिचा पहिला पसंतीक्रम सामनगाव रोडचं सरकारी पॉलिटेक्निक. आमच्या इथून नाशिकरोडपर्यंत सिटीलिंकची बस बदलत जायचं म्हणजे जाऊन-येऊन तीन तास, पण फी परवडते आणि मशीन आहेत. तिथं नाहीच लागला नंबर तर सरकारी आयटीआयला मशिनिस्ट, दोन वर्षं, आणि मग डिप्लोमाला थेट दुसऱ्या वर्षात. एकूण चार वर्षं होतात, एक वर्ष जास्त जातं. पण त्या चार वर्षांतली पहिली दोन तिचा हात मशीनवर असेल. भरपूर फी घेणारी खासगी संस्था यादीत नाही. मुलगा यावर भांडला. म्हणाला, "तू माझ्यामुळं डिप्लोमाला घाबरलीस. कोरोना नसता तर माझं असं झालं नसतं." त्याचं अर्धं बरोबर आहे. कपाटाला कुलूप कोरोनानं लावलं नव्हतं, हे मी त्याला सांगितलं.

आयटीआय करून नोकरीला लागलेल्या पोरांसाठी एक वाट आहे, तिच्याबद्दल लिहायलाच हवं. नोकरी करणाऱ्यांसाठी सोयीच्या वेळी डिप्लोमा आणि डिग्रीचे वर्ग भरवायला एआयसीटीईनं, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेनं, २०२३-२४ पासून परवानगी दिली आहे. ताईंच्या मुलाला हे सांगितलं तर त्याचा चेहरा उजळला आणि दोन मिनिटांत पुन्हा उतरला. त्याची शिफ्ट दर आठवड्याला बदलते. फर्स्ट, सेकंड, नाइट. वर्ग रोज संध्याकाळी सहाला. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात तो मशीनवर असणार, नाइटच्या आठवड्यात डोळे लाल करून बाकावर. असे वर्ग अंबड-सातपूरच्या जवळ निघाले आणि जो शिकतोय त्याला कंपनीनं दोन वर्षं जनरल, म्हणजे न बदलणारी दिवसाची, शिफ्ट दिली, तर माझ्या मेसमधली निदान पाच पोरं उद्या नाव घालतील, नावं मी सांगते. निमा आणि आयमा या आपल्याकडच्या उद्योजकांच्या संघटना 'कुशल मनुष्यबळ मिळत नाही' असं वरचेवर म्हणतात, आपल्याच पेपरात वाचते. त्यांनी सभासदांना एवढं एक पत्र काढावं. मनुष्यबळ माझ्याकडे रोज दीड वाजता जेवतं.

आणि संस्थांकडे मागणं एकच आहे. फीचा बोर्ड ऑफिसच्या बाहेर लावावाच लागतो, त्याच्या शेजारी दुसरा एक लावा. दोन वर्षांपूर्वी पास झालेल्या बॅचमधली किती पोरं आज कंपनीच्या रोलवर, किती ठेकेदाराकडं, किती अ‍ॅप्रेंटिस, किती घरी. आणि बँकेत दर महिन्याला पडणारा मधल्या पोराचा पगार. सगळ्यात वरच्याचा नको, त्याचा फोटो फ्लेक्सवर आहेच. बॅचमधल्या पोरांना पगाराप्रमाणे ओळीत उभं केलं तर बरोबर मध्ये जो येतो त्याचा. लॅबमध्ये किती पोरांत एक मायक्रोमीटर आहे, तेही लिहा. फी भरायला आलेली आई अर्धा तास रांगेत उभी असते, तेवढ्यात वाचून होईल.

हे आकडे गोळा करणं अवघड आहे, असं संस्था म्हणतील. मी बारावी नापास बाई लाटणं हातात धरून एकोणीस वर्षं ते गोळा करतेय, पोरं गेली तरी फोनवर कळवतात, मावशी माझं कन्फर्म झालं म्हणून. कुठल्या प्राचार्यांना पद्धत बघायची असेल तर वह्या बघायला या, नावांवर कागद लावून दाखवीन. फक्त तीननंतर या, त्याआधी दुपारची पंगत असते.

कळावे,
आपली,
एक वाचक (मेसचालक)
उत्तमनगर, सिडको, नाशिक

(ता. क. नाव छापू नये ही विनंती. पोरं ओळखतीलच, पण त्यांच्या कंपन्यांनी ओळखायला नको.)